हार्टनेल, विल्यम

(८ जानेवारी १९०८ – २३ एप्रिल १९७५). ब्रिटिश चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेते. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेतला काळातून प्रवास करणारा नायक, म्हणजे ‘डॉक्टर’, साकारणारे पहिले नट म्हणून ते जगभर ओळखले जातात. ही ओळख त्यांना पंचावन्नाव्या वर्षी मिळाली आणि ती भूमिका जेमतेम तीन वर्षे त्यांच्याकडे राहिली. त्याआधीची तीस वर्षे ते ब्रिटिश पडद्यावर आधी विनोदी पात्रे आणि मग सार्जंट, गुंड, पोलीस अधिकारी अशी कठोर चेहऱ्याची माणसे उभी करत होते. त्या तीस वर्षांकडे आज फारसे कुणी वळून पाहत नाही. हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण डॉक्टर साकारताना त्यांनी जे जे वापरले, ते बरेचसे तिथेच कमावलेले होते.

त्यांचा जन्म लंडनच्या सेंट पॅनक्रस भागातला. आई ल्यूसी अविवाहित होती. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे आणि ते नाव हार्टनेल यांना जन्मभर कळले नाही. पुढे नावारूपाला आल्यावर ते आपले मूळ डेव्हनमधले असल्याचे सांगत. आईचे माहेर तिकडचे होते. लहानपण हाल-अपेष्टांत आणि गल्लीतल्या उचापतींत गेले. मुलांच्या एका मुष्टियुद्धाच्या क्लबात त्यांची गाठ ह्यू ब्लेकर या चित्रसंग्राहकाशी पडली. ब्लेकर यांनी या पोराला अक्षरशः हाताशी धरले आणि इटालिया कॉन्टी यांच्या नाट्यशाळेत घातले. १९२५च्या सुमारास हार्टनेल फ्रँक बेन्सन यांच्या शेक्सपिअर मंडळीत दाखल झाले. तिथे रंगमंचाची व्यवस्था पाहायची आणि वेळ पडेल तेव्हा तोंडाला रंगही लावायचा, असे दुहेरी काम होते. या फिरत्या कंपनीत त्यांना पाठांतराची आणि कुठल्याही भूमिकेत उभे राहण्याची सवय लागली. १९२९मध्ये त्यांनी अभिनेत्री हेदर मॅकिंटायर यांच्याशी लग्न केले.

१९३२च्या सुमारास ते चित्रपटात आले, तेव्हा ब्रिटनमध्ये एक वेगळाच धंदा जोरात होता. हॉलिवूडच्या लोंढ्यापुढे देशी चित्रपट टिकावा म्हणून १९२७मध्ये कायदा करून चित्रपटगृहांना ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा दाखवणे बंधनकारक केले होते. हा वाटा सुरुवातीला पाच टक्के होता आणि पुढे तो वीस टक्क्यांवर गेला. तो भरून काढण्यासाठी अमेरिकन कंपन्या लंडनमध्ये स्वस्तातले, झटपट उरकलेले चित्रपट काढू लागल्या. ‘कोटा क्विकी’ हे त्यांचे बाजारातले नाव. फिल्मच्या फुटाला एक पौंड असा त्यांचा हिशेब सांगितला जाई. हार्टनेल तेव्हा ‘बिली हार्टनेल’ या नावाने अशा चित्रपटांत काम करत आणि बहुतेक वेळा भूमिका विनोदी असे. चार्ली चॅप्लिन त्यांचे दैवत होते. आपण विनोदी नट आहोत अशीच त्यांची स्वतःविषयी समजूत होती, आणि ती चुकीची नव्हती. या चित्रपटांना समीक्षकांनी नावे ठेवली, तरी दोन-तीन आठवड्यांत चित्रपट पुरा करायचा म्हणजे नटाला पहिल्या फेरीतच पक्के उभे राहावे लागे. तीस वर्षांनी दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत त्यांना हीच शिकवणी कामी आली.

दुसऱ्या महायुद्धात ते रणगाडा दलात भरती झाले. दीड वर्षात त्यांचे मानसिक आरोग्य ढासळले आणि त्यांना सैन्यातून मोकळे करण्यात आले. त्याच सुमारास नोएल कॉवर्ड यांच्या ‘इन विच वी सर्व्ह’ (१९४२) या युद्धपटात मिळालेले कामही हातचे गेले. पहिल्याच दिवशी ते उशिरा पोहोचले. कॉवर्ड यांनी सगळ्यांसमोर त्यांना माफी मागायला लावली आणि मग काढून टाकले. दोन वर्षांनी कॅरल रीड यांच्या ‘द वे अहेड’मध्ये (१९४४) ते सार्जंट फ्लेचर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीने वळण घेतले. नव्याने भरती झालेल्या साध्यासुध्या नागरिकांना सैनिक बनवणारा हा सार्जंट. तो आपला छळ करतो अशी तक्रार घेऊन पोरे अधिकाऱ्याकडे जातात. प्रत्यक्षात त्याच सार्जंटने आपल्या हाताखालची माणसे चांगली आहेत असे अधिकाऱ्याला सांगितलेले असते. हार्टनेल यांनी हा माणूस प्रेमळ करून दाखवला नाही. जबडा आवळलेला, आवाज चाबकासारखा, डोळे समोर. त्याची माया प्रेक्षकाला दिसते ती केवळ त्याच्या गप्प राहण्यातून. ज्याला स्वतःला सैन्य झेपले नव्हते, त्या नटाने ब्रिटिश चित्रपटातला सर्वांत खरा सार्जंट उभा केला, हे पाहताना माझे मन दर वेळी थबकते.

पुढची काही वर्षे त्यांच्या चित्रपट-कारकिर्दीतली सर्वांत कसदार. ग्रॅहम ग्रीन यांच्या कादंबरीवरच्या ‘ब्रायटन रॉक’मध्ये (१९४७) त्यांनी डॅलो केला. १९४३मध्ये लंडनच्या गॅरिक नाट्यगृहात झालेल्या नाट्यरूपातही डॅलो तेच होते, आणि दोन्हीकडे टोळीचा कोवळा, क्रूर म्होरक्या पिंकी रिचर्ड ॲटनबरो यांनी केला. डॅलो पिंकीहून वयाने मोठा, पण त्याच्या मागे चालणारा. हार्टनेल अनेक प्रसंगांत नुसते उभे असतात आणि तरी नजर त्यांच्याकडे जाते. त्याच वर्षी रीड यांच्या ‘ऑड मॅन आउट’मध्ये ते बेलफास्टच्या दारूगुत्त्यातला फेन्सी होते. गळ्यात पडलेली जखमी माणसाची ब्याद दुकानाबाहेर कशी काढावी, एवढीच त्याची विवंचना. छोटीशीच भूमिका, पण माणूस पुरता कळतो.

मात्र फ्लेचरच्या यशाने एक साचाही तयार झाला. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा होती. भरती १९६०च्या अखेरीस थांबली आणि शेवटचे जवान १९६३मध्ये घरी परतले. म्हणजे ओरडणारा सार्जंट हा घरोघरच्या अनुभवातला माणूस होता आणि त्याच्यावर हसायला लोक आसुसलेले होते. ‘प्रायव्हेट्स प्रोग्रेस’ (१९५६) या चित्रपटात हार्टनेल पुन्हा सार्जंट. ग्रॅनडा या दूरचित्रवाणी कंपनीच्या ‘द आर्मी गेम’ (१९५७–६१) या विनोदी मालिकेत सार्जंट मेजर बुलिमोर. मध्ये ती सोडून ते परत तिच्यातच आले. ‘कॅरी ऑन सार्जंट’मध्ये (१९५८) निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा सार्जंट ग्रिमशॉ, आपली शेवटची तुकडी अव्वल येईल अशी पन्नास पौंडांची पैज त्याने लावलेली. पुढे तीसहून अधिक चित्रपटांपर्यंत लांबलेल्या ‘कॅरी ऑन’ मालेतला हा पहिला चित्रपट. त्यात भोवताली सगळे गमती करत असतात आणि हार्टनेल एकटे गंभीर असतात. चित्रपट उभा राहतो तो त्यामुळेच. त्यांचा स्वतःचा जीव मात्र या गणवेशाला विटला होता.

दरम्यान करमणुकीचे घरच बदलले होते. १९४६मध्ये ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १६३ कोटी सिनेमा-तिकिटे खपत. १९६०पर्यंत तो आकडा सुमारे ५० कोटींवर आला. १९५३मधल्या राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी लोकांनी दूरचित्रवाणी संच घेतले, १९५५मध्ये आयटीव्ही ही व्यावसायिक वाहिनी सुरू झाली आणि दुय्यम भूमिका करणाऱ्या नटांचा रोजचा भाकरतुकडा छोट्या पडद्यावर गेला. नामवंत नट तिकडे जायला कचरत. हार्टनेल यांना तसा नखरा परवडणारा नव्हता.

लिंडसे अँडरसन यांच्या ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’मध्ये (१९६३) त्यांनी ‘डॅड’ जॉन्सन हा थकलेला म्हातारा केला. तो एका तरुण रग्बी खेळाडूला हेरतो, क्लबपर्यंत नेतो आणि पोराचे नाव झाल्यावर मागे पडतो. या भूमिकेत ना गणवेश, ना दरडावणी. आहे ती फक्त कुणीतरी आपल्याला धरून ठेवावे ही केविलवाणी इच्छा. बीबीसीच्या सत्तावीस वर्षांच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी हे काम पाहिले आणि नव्या मालिकेतल्या गूढ म्हाताऱ्यासाठी त्यांना हार्टनेल दिसले. त्यांच्याबरोबर दिग्दर्शक होते वारिस हुसैन, लखनौत जन्मलेले, लेखिका अत्तिया हुसैन यांचे चिरंजीव. दोघांनी हार्टनेल यांना जेवायला नेऊन गळ घातली. हार्टनेल आधी बिचकले, मग तयार झाले. एका तरुण स्त्रीने आणि एका तरुण भारतीयाने, जुन्या वळणाच्या या इंग्रज नटामध्ये त्याच्या उद्योगाला तीस वर्षांत न दिसलेले काहीतरी ओळखले. कारकिर्दीतला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पहिला भाग दोनदा चित्रित झाला. सप्टेंबर १९६३मधल्या पहिल्या प्रयत्नात डॉक्टर फारच तुसडा आणि थंड दिसत होता, टार्डिसचे, म्हणजे त्याच्या कालयानाचे, दरवाजे नीट मिटत नव्हते. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी सगळे पुन्हा करायला लावले. दुसऱ्या खेपेला हार्टनेल यांनी तीच ताठर माणसे-नकोशी वृत्ती ठेवून तिच्यात एक खट्याळ चमक आणली. ही आवृत्ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रक्षेपित झाली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवावी लागली. डिसेंबरात टेरी नेशन यांनी लिहिलेले आणि रेमंड क्युसिक यांनी रेखाटलेले डॅलेक हे यंत्रकवचातले परग्रहवासी शत्रू पडद्यावर आले आणि प्रेक्षकसंख्या बघता बघता वाढली.

लाइम ग्रोव्ह हा एकेकाळचा चित्रपट-स्टुडिओ, बीबीसीने विकत घेतलेला. तिथल्या कामाची रीत समजून घेतल्याशिवाय हार्टनेल यांच्या अभिनयाचे मोल कळत नाही. आठवड्यातले चार दिवस तालीम, शुक्रवारी कॅमेऱ्यांसह सराव आणि त्याच संध्याकाळी पंचवीस मिनिटांचा भाग जवळजवळ सलग चित्रित. दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत कापून जोडणे महागाचे आणि जिकिरीचे, म्हणून नट अडखळला तरी पुढे जायचे. वर्षातले चाळीस-एक आठवडे हे चक्र चाले. डॅलेकच्या पहिल्या कथेत किरणोत्सर्गावरच्या ‘औषधां’ऐवजी हार्टनेल ‘हातमोजे’ म्हणून गेले आणि त्याच श्वासात शब्द दुरुस्त करून पुढे निघाले. ते भागात तसेच राहिले. अशा चुकांच्या याद्या आजही हौसेने केल्या जातात. पण हे अडखळणे, मध्येच ‘हं?’ म्हणून थांबणे, डॉक्टरचा सहप्रवासी शिक्षक इयान चेस्टरटन याचे आडनाव वेडेवाकडे घेणे, यातला बराच भाग त्यांनी हेतुपुरस्सर घडवलेला होता. वाक्य विसरले तरी डॉक्टर विसरल्यासारखा वाटावा अशी ती सोय होती.

लांब पांढऱ्या केसांचा विग, काळा कोट, त्याच्या कडा दोन्ही अंगठ्यांत धरून मागे झुकलेली मान: पंचावन्न वर्षांचा माणूस सत्तरीचा दिसू लागे. टार्डिसच्या षट्कोनी नियंत्रण-टेबलावरचे कुठले बटण कशाचे, हे त्यांनी स्वतः ठरवून पाठ केले होते. दार उघडायची कळ दर आठवड्याला तीच असली पाहिजे, नाहीतर मुलांच्या लक्षात येईल, हा त्यांचा आग्रह. मुलांविषयीची ही आस्था दिखाऊ नव्हती. आपल्याला आता मुले ओळखतात, मागे मागे येतात, याचे त्यांना मनापासून अप्रूप होते. डिसेंबर १९६४मध्ये कथेतल्या नातीला, सुझनला, पृथ्वीवर ठेवून जाताना ते टार्डिसच्या बंद दारामागून तिच्याशी बोलतात. एके काळी बराकीत घुमलेला तो आवाज तिथे किती हळुवार होतो, हे ऐकण्यासारखे आहे.

स्वभाव सोपा नव्हता. ते तापट होते, आणि परक्या वंशाच्या लोकांविषयी त्यांचे पूर्वग्रह होते, हे त्यांच्या सहकाऱ्यांनीच पुढे सांगितले आहे. त्यात धमनीकाठिण्याच्या आजाराने स्मरणशक्ती ढासळत गेली. सुरुवातीची माणसे, लॅम्बर्टही, एकेक करून मालिका सोडून गेली आणि ते एकटे पडले. ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेच्या तिसऱ्या भागात तर आजारपणामुळे ते कामच करू शकले नाहीत. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी तिचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्यात डॉक्टर जमिनीवर कोसळतो, चेहरा उजळत पांढरा होतो आणि त्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा उमटतो. नट बदलायचा आणि व्यक्तिरेखा तीच ठेवायची, ही युक्ती नटाच्या आजारपणातून निघाली आणि मालिका साठ वर्षांनंतरही तिच्यावरच चालते.

त्यानंतर त्यांनी पँटोमाइम ही नाताळातली गाणी-विनोदांची नाटके आणि दूरचित्रवाणीवर तुरळक कामे केली. दहाव्या वर्षानिमित्तच्या ‘द थ्री डॉक्टर्स’ (१९७२–७३) या कथेत ते परतले तेव्हा चालणे-फिरणे जमत नव्हते. त्यांचे प्रसंग वेगळे, बसून चित्रित केले गेले, समोर संवादांच्या पाट्या धरल्या होत्या. कथेत त्यांचा डॉक्टर टार्डिसमधल्या पडद्यावरच दिसतो आणि तिथून बाकीच्या दोन डॉक्टरांना दटावतो. हे त्यांचे शेवटचे काम. केंटमध्ये सदुसष्टाव्या वर्षी झोपेतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळातल्या १३४ भागांपैकी चाळीसहून अधिक आज उपलब्ध नाहीत. फिती महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतीही नष्ट झाल्या. बहुतांशी वारिस हुसैन यांनी दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा पूर्ण गेली. आवाज तेवढे सगळ्या भागांचे उरले, कारण काही प्रेक्षकांनी घरी संचासमोर टेपरेकॉर्डर लावले होते. ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भागही हरवला आहे. त्यातला चेहरा बदलण्याचा काही सेकंदांचा तुकडा वाचला, तो बीबीसीच्याच ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने १९७३मध्ये आपल्या एका भागात दाखवला होता म्हणून.