अंगावर पाजणं वेगळं, ‘लॅम’ पद्धत वेगळी

“बाळ अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत.” बाळंतिणीला हे सासू सांगते, मावशी सांगते, आणि ऐकून नवराही निर्धास्त होतो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. कुटुंबनियोजनात शिकवतात ती ‘लॅम’ पद्धत (इंग्रजी आद्याक्षरं LAM: पाजण्यामुळे पाळी बंद असते त्या काळावर भिस्त ठेवणारी) याच तथ्यावर उभी आहे, फक्त तिला तीन अटी आहेत: बाळ 6 महिन्यांच्या आतलं हवं, बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी आणि बाळ जवळपास पूर्णपणे आईच्याच दुधावर हवं. तिन्ही एकाच वेळी. तसं असेल तर त्या 6 महिन्यांत 100 जणींपैकी एखाद-दोघींनाच दिवस राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तर लॅम आधुनिक पद्धतींत मोजतात. ‘सुरक्षित दिवस’ पाळणं पारंपरिक पद्धतींत.

बहुतेकींचं अडतं ते तिसऱ्या अटीवर. बाळाच्या चोखण्यामुळे मेंदूकडून बीजकोशाला जाणारा इशारा दबतो आणि स्त्रीबीज पिकत नाही. चोखणं कमी झालं की इशारा परत सुरू होतो. म्हणून दिवसा 4 आणि रात्री 6 तासांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही. सहाणेवर उगाळलेल्या गुटीच्या एका चाटणाने लॅम मोडत नाही (गुटी देऊ नका म्हणतात ते जंतुसंसर्गाच्या भीतीने). पण आई कामावर रुजू झाली, बाळ रात्री आजीजवळ निजू लागलं, वरच्या दुधाची बाटली आली, की लॅम संपली. बाळ अजून अंगावर पीत असलं तरीही.

सगळ्यात घातक म्हणजे ‘पाळी आली की बघू’. स्त्रीबीज पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. पाजतेय म्हणून पाळी नसेल, असं समजून महिने निघून जातात. कडेवर तान्हं, अंगात रक्त कमी, आणि त्यात हे. टाळता येण्यासारखं असूनही बाईच्या वाट्याला येतं, याचा मला राग येतो.

उष्टावणाची तारीख काढायच्या आधीच नवरा-बायकोने पुढची पद्धत ठरवून ठेवावी. निरोध, तांबी, ‘छाया’ गोळी, बाळंतपणाला 6 आठवडे झाल्यावर ‘अंतरा’ इंजेक्शन: हे सगळं पाजणाऱ्या आईला चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ‘माला-एन’ ही गर्भनिरोधक गोळी मात्र पहिले 6 महिने नको, तिच्यातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे दूध कमी होऊ शकतं.