पोळं ‘काढलं’ म्हणजे नक्की काय केलं?

“आमच्याकडचं पोळं काढून द्याल का?” असा फोन आला की मी आधी दोन गोष्टी विचारतो. माशी कोणती? आणि काढायचं म्हणजे काय करायचं? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळतो. मध काढणं, माश्या उठवणं, विषारी फवारा मारून संपवणं आणि वसाहत जिवंत दुसरीकडे नेणं, या चारही गोष्टींना आपण ‘काढणं’ म्हणतो. त्या आडोशाने काय काय खपतं, ते वर्षानुवर्षं पाहतो आहे.

आग्या तुम्हाला माहीत आहे. गच्चीच्या कठड्याखाली, पाण्याच्या टाकीला, उंच वडाला लटकलेलं एकच मोठं उघडं पोळं. सातेरी लहान, आणि तिला अंधार लागतो: झाडाची ढोली, भिंतीतलं भगदाड, मीटरची पेटी. आत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी असतात. फुलोरी झुडपात छोटंसं पोळं करते. तिला राहू द्या. गांधीलमाशी मधमाशी नव्हेच.

आता मुद्द्याचं. सातेरी हलवता येते, आग्या हलवता येत नाही.

सातेरी मुळातच बंद जागेत राहणारी, म्हणून तिला मधपेटी मानवते. ढोलीतली पोळी एकेक करून कापायची, पिल्लांचा भाग लाकडी चौकटीत बसवून सुताने बांधायचा. राणी पेटीत गेली की कामकरी माश्या मागोमाग जातात. संध्याकाळी चरायला गेलेल्या परतल्या की दार बंद करून पेटी दोन-तीन किलोमीटर लांब न्यायची. जवळच ठेवली तर त्या जुन्याच जागी घिरट्या घालत बसतात. पुढच्या काही दिवसांत माश्या पोळं चौकटीला चिकटवून घेतात आणि ते सूत कुरतडून दारातून बाहेर टाकतात. पेटीसमोर सुताचे तुकडे दिसले की मला हायसं वाटतं. वसाहत बसली.

आग्याचं तसं नाही. तिला उघड्यावर, उंचावर, एकच पोळं बांधायचं असतं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक बेंटन नावाचा अमेरिकन मधपाळ आग्याच्या शोधात आशियात आला होता. त्यालाही ती पाळीव करता आली नाही. तेव्हा “आग्या पेटीत भरून जंगलात सोडतो” असं कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. प्रत्यक्षात धूर होतो, माश्या उठतात आणि पोळं खाली पडतं. “एकही माशी मारली नाही” हे वाक्य मला सहन होत नाही. आमच्याच सोसायटीत असं पोळं ‘सुरक्षित’ काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. पोळ्याचे तुकडे पार्किंगमध्ये पडले होते, त्यांच्या कप्प्याकप्प्यात पांढऱ्या अळ्या, काही कप्प्यांतून पंख न फुटलेल्या माश्या अर्ध्या बाहेर आलेल्या, आणि मुंग्यांची रांग लागली होती. उडू शकत होत्या तेवढ्याच वाचल्या.

शिवाय जागा सुटत नाही. आग्या ऋतूप्रमाणे स्थलांतर करते. २००० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात संशोधकांनी वसाहतींच्या डीएनएवरून दाखवून दिलं, की गेलेल्या राण्या पुन्हा आपल्या जुन्याच जागी परततात. म्हणजे त्या जागेची निवड सहज बदलत नाही, पोळं कापल्याने तर नाहीच.

मध काढणं ही तर आणखी वेगळी गोष्ट. आग्याचा मध पोळ्याच्या वरच्या फुगीर भागात, ‘कांद्यात’ असतो. तेवढाच कापून पिल्लांचा भाग ठेवला तर वसाहत टिकू शकते. संपूर्ण पोळं पिळून काढलेला मध मी विकत घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. त्यात अळ्यांचा रस असतो.

आणि अभ्यासकांचं ‘काढणं’? ते तर माश्याच करतात. अभ्यासक पोळ्यातली काही पिल्लं गोठवून मारतात आणि ठरावीक तासांत कामकरी माश्यांनी त्यातली किती बाहेर काढली ते मोजतात. जी वसाहत मेलेली पिल्लं लवकर काढते, ती रोगाला चांगली तोंड देते. बातमीत ‘माश्यांनी पिल्लं काढली’ असं वाचलं तर पोळं उठवल्याचा अर्थ घेऊ नका.

तर फोन करताना जागा सांगा: उघड्यावर की भोकात? भोकात असेल तर पेटी घेऊन येणाऱ्याला बोलवा. उघड्यावर, उंच आणि वाटेपासून दूर असेल तर राहू द्या. फुलोरा सरला की आग्या आपणहून उठते. तोवर त्या बाजूच्या गॅलरीतला दिवा रात्री मालवा, ती उजेडाकडे झेपावते.