मेथीचे दाणे आणि कोटीपोटातील उलाढाल

कराड-वाळवा पट्ट्यात व्यालेल्या म्हशीला मेथी-गुळाचे आंबोण देण्याची रीत जुनी आहे. आता त्याच बियांची भुकटी 'दूधवर्धक' म्हणून डब्यांत मिळते आणि आठवड्यात दोन लिटर वाढीची हमी देते. मेथी थेट कासेवर काम करते, या समजावर ही विक्री चालते. वास्तविक तिची पहिली गाठ पडते ती कोटीपोटातील, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीवांशी.

शंभराहून अधिक लिटरच्या या कप्प्यात जिवाणू वैरण आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट ही आम्ले तयार होतात. ॲसिटेट होताना सुटणारा हायड्रोजन मिथेनजनक सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडशी जोडतात आणि चाऱ्यातील २ ते १२ टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने ढेकरेवाटे वाया जाते. मेथीत सॅपोनिन ही साबणासारखा फेस करणारी द्रव्ये असतात. ते प्रोटोझोआंच्या (एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या) पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला चिकटून पटल फोडतात. जिवाणूंच्या पटलात कोलेस्टेरॉल नसल्याने ते बहुतांशी बचावतात. प्रोटोझोआ जिवाणूंना खातात, त्यामुळे ते घटले की जिवाणूंची अधिक प्रथिने आतड्यात पोहोचतात. शिवाय काही मिथेनजनक प्रोटोझोआंच्या अंगावरच वस्ती करून असतात, त्यांचाही आसरा जातो. मग हायड्रोजनचा काही भाग प्रोपियोनेटकडे वळतो, प्रोपियोनेटचे यकृतात ग्लुकोज होते, ग्लुकोजपासून कासेत लॅक्टोज बनते आणि लॅक्टोज जेवढे पाणी ओढते तेवढे दूध भरते. दुधातील फॅट ज्यापासून बनते त्या ॲसिटेटचे प्रमाण मात्र फार घसरले तर डेअरीत फॅट कमी लागते आणि दर पडतो.

ही साखळी कागदावर जितकी सरळ दिसते तितकी गोठ्यात राहत नाही. कोटीपोटातील जिवाणू सॅपोनिनची शर्करा तोडण्यास सरावतात आणि काही आठवड्यांत परिणाम ओसरू लागतो. मेथीसारखाच ओवाही दिला, तर त्यातील थायमॉल हे द्रव्य जास्त झाल्यास तंतू पचवणाऱ्या जिवाणूंनाही मारतो. मेथी अख्खी घातल्यास टणक सालीचे दाणे शेणात जसेच्या तसे पडलेले दिसतात, म्हणून ती भरडून किंवा भिजवून शिजवावी. अति दिल्यास तिचा वास दुधात उतरतो. दूध अचानक आटले, तर गोठ्याच्या दाराला काळी बाहुली टांगण्यापेक्षा कासदाहाची तपासणी आधी करावी.

गळीत हंगामात जनावरे उसाच्या वाढ्यांवर असतात, तेव्हा वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. ही तूट कोणत्याही बीने भरून निघत नाही. त्यासाठी खनिज मिश्रणच द्यावे लागते.