गुण कशाला द्यायचे? क्युबाच्या 'मर्यादित आवृत्ती' सिगारची पार्श्वभूमी

'एदिसिओन लिमितादा', म्हणजे मर्यादित आवृत्ती, अशी अक्षरं असलेली काळी-सोनेरी दुसरी पट्टी ब्रँडच्या पट्टीशिवाय क्युबाच्या सिगारवर पहिल्यांदा चढली ती २००० साली. क्युबाचे सिगार जगभर विकणाऱ्या सरकारी कंपनीतला निम्मा हिस्सा एका स्पॅनिश-फ्रेंच तंबाखू कंपनीकडे गेला, तेही त्याच वर्षी. या दोन गोष्टी एकाच सुमाराला घडल्या हा मला योगायोग वाटत नाही. तोवर क्युबाचा सिगार विकला जायचा तो ब्रँडच्या आणि आकाराच्या नावावर. मोंतेक्रिस्तो नंबर २ मागितला की गेल्या वर्षी मिळाला तसाच यंदाही मिळावा, एवढीच अपेक्षा असे. अमुक साल, तमुक साल ही भाषा वाइनवाल्यांची होती. ती सिगारमध्ये आली आणि सिगार कसा पारखायचा हा प्रश्नच बदलून गेला.

त्याआधीचा इतिहास रसिकांना तोंडपाठ असतो. कोलंबसच्या खलाशांनी १४९२ साली क्युबात धुराच्या गुंडाळ्या ओढणारी माणसं पाहिली, १८१७ मध्ये स्पेनच्या राजाची मक्तेदारी उठली, त्यानंतर पार्तागास (१८४५) आणि रोमियो इ हुलिएता (१८७५) यांसारखे ब्रँड उभे राहिले. १९६० मध्ये कारखाने सरकारजमा झाले आणि १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी लादली. आपल्या विषयापुरती यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हवानाच्या कारखान्यांत चव पाहणारी माणसं फार जुन्या काळापासून आहेत. त्यांना 'कातादोर' म्हणतात. वळणाऱ्या कारागिरांच्या दिवसभराच्या कामातून काही सिगार उचलायचे, ते ओढून पाहायचे आणि ओढ (म्हणजे झुरक्याला धूर किती सहज येतो), जळण, वास, चव, जोर यांवर शेरा मारायचा, हे त्यांचं काम. त्यांना सिगार 'किती चांगला' हे ठरवायचं नसतं. हा सिगार त्या ब्रँडचा वाटतो का, एवढंच ते पाहतात. रोमियो मवाळ हवा आणि पार्तागास कडक हवा. मवाळ पार्तागास कितीही गोड लागला तरी तो नापास.

म्हणजे पारखायची मूळ पद्धत ही जुन्या नमुन्याशी ताडून पाहण्याची होती. मर्यादित आवृत्तीला असा नमुनाच नसतो. ती मुद्दाम त्या ब्रँडच्या नेहमीच्या यादीत नसलेल्या आकारात काढली जाते आणि तिचं बाहेरचं पानही वेगळं असतं. मग ती कशाशी ताडून पाहायची? पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

पानाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. सिगारमध्ये तीन थर असतात: आतलं भरण म्हणजे 'त्रिपा', ते बांधून ठेवणारं 'कापोते' आणि बाहेरचं गुळगुळीत 'कापा'. भरणात खालची पातळ पानं नीट जळण्यासाठी, मधली वासासाठी आणि वरची जाड, तेलकट 'लिहेरो' पानं जोरासाठी घालतात. बाहेरच्या पानाचं शेत वेगळं असतं. पिनार देल रिओ प्रांतात, व्हुएल्ता आबाहोच्या तांबड्या मातीत, पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली ही झाडं वाढवतात, म्हणजे ऊन गाळून येतं आणि पान पातळ, लवचीक होतं. मर्यादित आवृत्तीसाठी याच मांडवातल्या झाडांची वरची पानं घेतात. वरच्या पानाला ऊन जास्त मिळतं, ते जाड होतं आणि जास्त आंबवल्यावर गडद तपकिरी रंग धरतं. शेजारी नेहमीचा सिगार ठेवला तर फरक लगेच दिसतो. एकाची कांती फिकट तपकिरी आणि रेशमी असते, तर दुसऱ्याची काळपट, तेल सुटलेली, शिरा किंचित वर आलेली.

२००० पासून कंपनीचा दावा असा होता की हे बाहेरचं पान किमान दोन वर्षं मुरवलेलं आहे. मुरवणं म्हणजे आंबवून झालेलं पान गाठोड्यांत बांधून वखारीत पडू देणं. त्यात अमोनिया उडून जातो, कडूपणा उतरतो आणि चव गोल होते. नुसतं वजनाने पाहिलं तर बाहेरचं पान हा सिगारचा लहानसा भाग. आतलं भरण नेहमीच्याच मुरवणीचं आणि वरचं पान दोन वर्षांचं, असा हा मेळ होता. सुरुवातीच्या वर्षांत हे सिगार वाकडे जळतात, मधेच विझतात अशी तक्रार बरीच होत असे. त्याला तो काळही कारण होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी क्युबाने उत्पादन घाईघाईने वाढवलं होतं. बाहेरच्या पानासाठी 'हबाना २०००' नावाचं नवं वाण लावलं होतं. ते रोगाला दाद देत नसे, पण जळण्यात कमी पडे. नव्या हातांनी घट्ट वळलेले, ओढच नसलेले सिगार बाजारात आले. पुढे काही वर्षांतच कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रं बसली आणि वाणही बदललं.

या घाईमागे अमेरिका होती, व्यापारबंदी असूनही. १९९२ च्या शरद ऋतूत तिथे सिगारला वाहिलेलं एक चकचकीत मासिक निघालं. त्याने वाइनच्या धर्तीवर शंभर गुणांची मोजपट्टी आणली: ९५ आणि त्यावर म्हणजे अभिजात, ९० ते ९४ उत्कृष्ट, ८० च्या घरात खूप चांगला. परीक्षकाला सिगार देताना पट्टी काढून नुसता क्रमांक लावायचा, म्हणजे नावाचा प्रभाव पडू नये. अमेरिकी दुकानात क्युबाचा सिगार विकता येत नसे, पण त्याला गुण मात्र मिळत. तिथे तेव्हा उसळलेल्या सिगारच्या शौकाच्या लाटेला या आकड्यांनी हवा दिली. १९९७ नंतर लाट ओसरली, गोदामं भरून राहिली, पण आकडे टिकले. आज कुठलाही परीक्षक, अगदी घरी बसून लिहिणारासुद्धा, शेवटी शंभरपैकी काहीतरी देतोच.

आता मुख्य वादाकडे. 'मर्यादित' म्हणजे नेमकं काय मर्यादित? किती पेट्या काढल्या हे कंपनी या मालिकेबाबत सहसा जाहीर करत नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या प्रादेशिक आवृत्त्या एका देशापुरत्या किंवा प्रदेशापुरत्या निघतात आणि त्यांच्या पेट्यांवर क्रमांक असतो. तिथे मर्यादा डोळ्यांना दिसते. एदिसिओन लिमितादाच्या पेटीवर असा क्रमांक नसतो. मर्यादा आहे ती वर्षाची: या वर्षी काढला, पुन्हा काढणार नाही, असा ग्राहकाचा समज.

हा समज २००६ मध्ये तुटला. त्या वर्षीच्या तीन मर्यादित आवृत्त्या होत्या कोहिबा पिरामिदेस, मोंतेक्रिस्तो रोबुस्तोस आणि पार्तागास सेरिए दे नंबर ३. तिन्ही आधीच निघून गेलेल्या होत्या; मोंतेक्रिस्तो २००० मध्ये, उरलेल्या दोन २००१ मध्ये. ज्यांनी पहिल्या पेट्या जपून ठेवल्या होत्या त्यांना राग येणं स्वाभाविक होतं, आणि तो मला योग्यच वाटतो. कंपनीच्या बाजूने एवढं म्हणता येईल की 'पुन्हा कधीच नाही' असं पट्टीवर कुठे छापलेलं नव्हतं. पण किंमत त्या समजावरच आकारली गेली होती. पुढेही असंच घडत राहिलं. ओयो दे मोंतेररेयचा एपिकुरे एस्पेसियाल २००४ ची मर्यादित आवृत्ती होता. २००८ पासून तो नेहमीच्या यादीत आला. पार्तागास सेरिए दे नंबर ५ चंही तसंच, २००८ ची मर्यादित आवृत्ती आणि २०११ पासून रोजचा माल. म्हणजे मर्यादित आवृत्ती बऱ्याचदा नव्या आकाराची बाजारातली चाचणीच ठरली. त्यात गैर काही नाही, फक्त ते आधी सांगायला हवं होतं.

परीक्षकाच्या दृष्टीने २००६ पेक्षा २००७ चा निर्णय मोठा, आणि त्याची चर्चा मात्र फारच कमी झाली. त्या वर्षापासून बाहेरच्या पानाबरोबर बांधणीचं पान आणि आतलं सगळं भरणही किमान दोन वर्षं मुरवायचं ठरलं. नाव तेच, पट्टी तशीच, पण वस्तू बदलली. २००६ चा कोहिबा पिरामिदेस आणि २००८ चा मोंतेक्रिस्तो सुब्लिमेस यांना एकाच मालिकेतले भाऊ समजून शेजारी शेजारी गुण देणं मला पटत नाही. आधीच्या सिगारमध्ये कोवळ्या भरणावर प्रौढ पान होतं, नंतरच्यात सगळंच प्रौढ. जुन्या परीक्षणांच्या याद्या आजही सरसकट एकत्र छापल्या जातात आणि वाचकाला हा फरक कुणी सांगत नाही.

त्यातच आणखी मालिका आल्या. २००३ मध्ये 'रेसेर्वा', ज्यात पानं किमान तीन वर्षं मुरलेली. २००९ मध्ये 'ग्रान रेसेर्वा', पाच वर्षं. २०१५ मध्ये 'आनेहादोस', ज्यात पान नाही तर वळून झालेला सिगारच पेटीत वर्षानुवर्षं ठेवलेला. पान मुरणं आणि सिगार मुरणं या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. सुटं पान वखारीत मुरतं तेव्हा प्रत्येक जात आपापली मऊ होते. वळल्यावर तीन-चार जातींची पानं एकमेकांना घट्ट चिकटून, देवदाराच्या पेटीत, ६५ ते ७० टक्के दमटपणात राहतात आणि त्यांचे वास एकमेकांत उतरतात. लोणच्यात कैरी आणि मसाला एक व्हायला जसा वेळ लागतो तसाच. मर्यादित आवृत्तीत पहिली प्रक्रिया पुरी झालेली असते, दुसरीची जबाबदारी ग्राहकावर सोडलेली असते.

आणि परीक्षण नेमकं ही दुसरी प्रक्रिया होण्याआधीच होतं. ताज्या सिगारमध्ये वळताना पानाला दिलेल्या ओलाव्यामुळे काही महिने अमोनियाचा दर्प राहतो. पेटवण्याआधी नुसती ओढ घेऊन पाहिली की तो जिभेच्या मागच्या बाजूला झोंबतो. जाणकार त्याला सिगारचं आजारपण म्हणतात आणि अशा वेळी सिगार बाजूला ठेवतात. पण नव्या मालाचं परीक्षण बाजूला ठेवून चालत नाही, कारण दुकानातल्या पेट्या तोवर संपतात. म्हणून आकडा येतो तो सिगार सर्वांत कमी बोलका असताना.

आंधळ्या चाचणीचाही इथे फारसा उपयोग होत नाही. पट्टी काढली तरी पान काळपट आहे आणि आकार ब्रँडच्या यादीत नसलेला आहे. अनुभवी परीक्षकाला हातात घेताच कळतं की हे नेहमीचं नाही. ५४ जाडीचा (जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात), १६४ मिलिमीटर लांबीचा गडद सिगार समोर आला की सुब्लिमेस हा आकार ओळखायला पट्टी लागत नाही. शिवाय बऱ्याच गुणपत्रिकांमध्ये रूप, जळण आणि चव यांच्यापेक्षा 'एकूण मत' या रकान्याला जास्त गुण असतात. दुर्मीळ वस्तू हातात आहे ही जाणीव याच रकान्यात शिरते.

चवीचं वर्णन मात्र गुणांपेक्षा जुनं आणि जास्त प्रामाणिक आहे. सिगारचे तीन भाग पाडून लिहायची रीत फ्रेंच रसिकांच्या एका जुन्या उक्तीतून येते: पहिला तिसरा भाग गवत, मधला दैवी, शेवटचा शेणखत. मर्यादित आवृत्तीत गडद पानामुळे पहिल्या भागातच कोको, भाजलेली कॉफी आणि मनुका येतात, गवताचा हिरवट वास जवळजवळ नसतो. राख करडी-काळपट पडते. मधल्या भागात पानाचा गोडवा आणि भरणाचा तिखटपणा यांची जुळणी होते की नाही, इथेच सिगार जिंकतो किंवा हरतो. शेवटच्या भागात घाई केली, मिनिटाला एकापेक्षा जास्त झुरके घेतले, की गडद पान तापून कडू होतं आणि दोष सिगारच्या माथी येतो. हे सगळं गुणांत बसत नाही. तसंच धूर छातीत न घेताही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतो, हेही कुठल्याच गुणपत्रिकेत नसतं. तंबाखूने तोंडाचा कर्करोग घराघरांत पाहिलेल्या आपल्या प्रदेशात ते लिहायलाच हवं.

गेल्या काही वर्षांत पट्टीवरचं साल आणि दुकानातलं साल यांची फारकत झाली आहे. महासाथीनंतर मर्यादित आवृत्त्या ठरल्यापेक्षा वर्ष-वर्ष उशिरा येऊ लागल्या. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या, त्यामुळे युरोपातल्या स्वस्त पेट्या इतिहासजमा झाल्या आणि दुबईहून येताना सिगार आणणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनाही ते जाणवलं. त्याच सप्टेंबरात इयान चक्रीवादळाने पिनार देल रिओतली पान वाळवायची घरं मोठ्या प्रमाणावर पाडली आणि साठवलेल्या पानाचंही नुकसान झालं. दोन वर्षं मुरवायला दोन वर्षांपूर्वीचं पान लागतं, त्यामुळे अशा एका वादळाचा परिणाम पुढच्या कित्येक आवृत्त्यांवर होतो.

अशा वेळी पेटीच्या तळावरचा शिक्का पट्टीपेक्षा जास्त माहिती देतो. २००० पासून त्यावर स्पॅनिश महिन्याची पहिली तीन अक्षरं आणि साल स्पष्ट छापलेलं असतं, म्हणजे सिगार पेटीत कधी भरला हे कळतं. पट्टीवर एक साल आणि शिक्क्यावर दीड वर्षानंतरचं, अशा पेट्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. जे परीक्षक गुणांशेजारी हा शिक्का आणि ओढल्याची तारीख देतात त्यांचंच लिखाण पुढे दहा वर्षांनी तुलनेला उपयोगी पडेल; बाकीच्यांचे ९२ आणि ९४ कोणत्या वयाच्या सिगारचे होते हे तेव्हा कुणालाच सांगता येणार नाही.