तेलाचे डबे किती मागवायचे?

ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात खाद्यतेलाचे २१० डबे शिल्लक आहेत. रोज सरासरी ४० खपतात आणि ऑर्डर दिल्यापासून गाडी यायला चार दिवस लागतात. ऑर्डर आज द्यायची की उद्या? मुरलेला माणूस थप्पीकडे एक नजर टाकून सांगतो आणि बऱ्याचदा त्याचं बरोबरही येतं. पण गोदामात ८०० प्रकारचा माल असेल, तर रोज ८०० थप्प्या डोळ्यांखालून घालणं कुणालाच जमत नाही. मग जो माल डोळ्यांसमोर असतो तो मागवला जातो आणि कोपऱ्यातला संपल्यावरच आठवतो. संगणकाची खरी मदत इथे होते.

सगळेच निर्णय असे नसतात. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या दोघांनी १९७१ मध्ये निर्णयांची एक वाटणी मांडली, ती आजही उपयोगी आहे. काही निर्णय पूर्ण साच्यातले असतात. बिलावर जीएसटी किती लावायचा, हे एकदा नियम सांगितला की यंत्रच ठरवतं. काहींना साचाच नसतो, जसं की धाकट्या भावाला भागीदारीत घ्यावं का. या दोन टोकांच्या मधे अर्धवट साच्यातले निर्णय येतात. त्यातला हिशेबाचा भाग यंत्राने करायचा आणि उरलेला माणसाने. निर्णयसाहाय्य प्रणाली म्हणजे डिसिजन सपोर्ट सिस्टीम हे भारदस्त नाव या मधल्या पट्ट्यासाठी आहे. तिचे भाग तीनच: नोंदी, त्यांच्यावर चालणारं गणित, आणि ‘असं केलं तर काय होईल’ हे विचारून पाहता येईल अशी स्क्रीन. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाची रिऑर्डर लेव्हल, म्हणजे किती उरल्यावर ऑर्डर द्यायची ती पातळी, स्वतः आकडा टाकून ठरवता येते किंवा ठरावीक काळातल्या खपावरून काढून घेता येते. एक्सेलची एक शीटही पुरते.

आपल्या डब्यांचं गणित करून पाहू. चार दिवसांत ४० च्या हिशेबाने १६० डबे जाणार. पण १६० उरल्यावर ऑर्डर दिली, तर साधारण निम्म्या वेळा गाडी येण्याआधीच माल संपेल, कारण सरासरी म्हणजे कधी वर, कधी खाली. म्हणून वर थोडा राखीव साठा लागतो. किती, हे खपाच्या चढउतारावर ठरतं. रोजचा खप सरासरीपासून साधारण किती हलतो याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, १२ निघालं असं धरू, म्हणजे महिन्यातले साधारण दोन तृतीयांश दिवस खप २८ ते ५२ च्या दरम्यान राहतो. चार दिवसांचं विचलन मात्र १२ च्या चौपट होत नाही. एक दिवस जास्त गेला तर दुसऱ्या दिवशी कमी, अशी थोडी भरपाई आपोआप होते. म्हणून १२ ला चारच्या वर्गमुळाने गुणायचं, येतात २४. शंभरातल्या ९५ खेपांना माल संपू नये असं हवं असेल तर त्याला १.६५ या संख्याशास्त्रातल्या ठरलेल्या गुणकाने गुणायचं. राखीव साठा ४० डबे, आणि ऑर्डर द्यायची पातळी २००. या हिशेबाने २१० ला अजून थांबता येईल.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच फसतात. चार दिवस हाही सरासरीचाच आकडा आहे. गाडी कधी तीन दिवसांत येते, कधी पाच. या दिवसांचं विचलन एक दिवस धरलं तरी एका दिवसाचा उशीर म्हणजे ४० डब्यांचा फरक. आता दोन्ही अनिश्चितता एकत्र करायच्या. २४ चा वर्ग ५७६, ४० चा वर्ग १६००, बेरीज २१७६ आणि तिचं वर्गमूळ साधारण ४७. गुणिले १.६५ केलं की राखीव साठा ७७ होतो आणि पातळी २३७. म्हणजे २१० ला ऑर्डर द्यायला आधीच उशीर झालाय.

या दोन आकड्यांमधला फरक नीट पाहण्यासारखा आहे. गिऱ्हाईक लहरी आहे म्हणून आपण साठा करतो, असं व्यापाऱ्याला वाटत असतं. प्रत्यक्षात यातले ३७ डबे वाहतूकदाराच्या लहरीपायी पडून आहेत. डबा ₹२,००० चा धरला तर अडकलेली रक्कम ₹७४,०००. व्याज, भाडं, विमा, गळती मिळून माल ठेवण्याचा वार्षिक खर्च १८ टक्के पकडला तर वर्षाला सुमारे ₹१३,३००. वर्षात ५४ खेपा होत असतील, तर नेमक्या दिवशी येणाऱ्या गाडीला खेपेमागे ₹२४५ जास्त दिले तरी सौदा तोट्याचा नाही. ‘गाडी वेळेवर आली तर काय होईल’ हा प्रश्न शीटमधला एक आकडा बदलून विचारता येतो. निर्णयाला आधार मिळतो तो अशा प्रश्नांमुळे. नुसता ‘मागवा’ असा लाल दिवा लागून काही कळत नाही.

तसाच दुसरा प्रश्न, माल कधीच संपू नये म्हणून काय लागेल? ९५ ऐवजी ९९ टक्के खात्री हवी तर १.६५ चा गुणक वाढतो आणि राखीव साठा ७७ वरून १०९ होतो. ९९.९ टक्क्यांसाठी १४४. पहिल्या चार टक्क्यांना ३२ डबे पडले आणि पुढच्या एका टक्क्यापेक्षाही कमी सुधारणेला आणखी ३५. आठशेच्या आठशे मालांना खात्रीचा एकच आकडा लावणं हा म्हणूनच आळशीपणा आहे. ज्या वस्तूसाठी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तर सगळी यादीच तिकडून घेऊन येतं, तिला ९९ द्यावे. बाकीच्यांना ९० सुद्धा चालतात.

कधी मागवायचं ते झालं, आता एका वेळी किती? याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी माणसाने १९१३ मध्येच मांडलं होतं, संगणकाच्या कितीतरी आधी. वर्षाचा खप १२,००० डबे, एका ऑर्डरमागचा ठरलेला खर्च ₹७५०, एक डबा वर्षभर ठेवण्याचा खर्च ₹३६०. पहिल्या दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट करा, तिसऱ्याने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येतं २२४ डबे. साठवणूक आणि ऑर्डर मिळून वर्षाचा खर्च होतो ₹८०,५००. पण हेच जरा सैल करून ३०० मागवले तर? खर्च ₹८४,०००. फरक फक्त ₹३,५०० चा! या खर्चाच्या आलेखाचा तळ इतका सपाट आहे की थोडं इकडेतिकडे झालं तरी फारसं बिघडत नाही. त्यामुळे ३०० डब्यांच्या भरल्या गाडीवर कंपनी डब्यामागे ₹२ सूट देत असेल, तर वर्षाचे ₹२४,००० सुटतात आणि २२४ चा हट्ट धरण्यात अर्थ राहत नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त अंतिम आकडा दिसतो आणि त्याच्या आजूबाजूचा खर्च दिसत नाही, ते ही गोष्ट कधीच सांगत नाही.

आता गोष्टी बिघडतात कुठे ते पाहू. गणितात क्वचितच, नोंदींत नेहमी.

सगळ्यात छुपा दोष असा की सॉफ्टवेअरला विक्री दिसते, मागणी दिसत नाही. तीस दिवसांपैकी सहा दिवस डबे नव्हतेच, उरलेल्या २४ दिवसांत ९६० गेले. ९६० भागिले ३० केलं तर सरासरी ३२ येते. खरी मागणी मात्र २४ ने भागून, म्हणजे ४०. यंत्र ३२ धरून कमी माल सुचवतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात माल जास्त दिवस संपलेला राहतो, सरासरी आणखी घसरते आणि मग यंत्र त्याहून कमी सुचवतं. काही महिन्यांत चांगली चालणारी वस्तू ‘खपत नाही’ या यादीत जाऊन बसते. उपाय सोपा आहे. ज्या दिवशी सकाळी शिल्लक शून्य होती तो दिवस सरासरीतून वगळायचा. पण त्यासाठी शिल्लक रोजच्या रोज खरी असावी लागते, आणि खरेदीची बिलं महिनाअखेरीस एकदम चढवण्याची सवय असेल तर ती खरी नसते. शिल्लक उणे दाखवणारी नोंद म्हणजे घाईत विकलेल्या आणि अजून न चढवलेल्या मालाचीच खूण.

दुसरा घोळ एककांचा. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा हे एक नव्हेत. १५ लिटर तेलाचं वजन साधारण साडेतेरा ते पावणेचौदा किलो भरतं. दोन्ही एकाच नावाखाली चढले तर शिल्लक, दर आणि नफा तिन्ही चुकतात. उलट एकच डबा दोन स्पेलिंगने दोनदा चढला, तर प्रत्येकाचा खप निम्मा दिसतो आणि दोन्हींसाठी वेगळा राखीव साठा सुचवला जातो.

तिसरा, वाटेतल्या मालाचा विसर. पातळी २३७ आहे, ऑर्डर दिली, गाडी चार दिवसांनी येणार. त्या चारही दिवशी गोदामातली शिल्लक २३७ च्या खालीच असते. यंत्र फक्त गोदाम पाहत असेल तर रोज नवी ऑर्डर सुचवेल. तुलना करायची ती गोदामातला माल अधिक मागवलेला माल, वजा गिऱ्हाईकांना आधीच कबूल केलेला माल, या बेरजेशी.

आणि मग आपलं पंचांग. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. फराळाचं तेल त्याआधीच्या दोनतीन आठवड्यांत जातं. ‘गेल्या वर्षीचा ऑक्टोबर’ पाहून यंदाच्या ऑक्टोबरचा अंदाज बांधणारं यंत्र दरवर्षी नव्याने चुकतं. अधिक महिना आला की दिवाळी पुन्हा पुढे सरकते. शीटमध्ये तारखेशेजारी ‘लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस’ असा एक रकाना घालून वर्षांची तुलना त्यावर करावी. पाच मिनिटांचं काम आहे, परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप होईल अशी आशा धरू नये.

तेल महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून वरचं गणित चालतं. दसऱ्याच्या झेंडूला ते लागू होत नाही. समजा फूलवाल्याने ₹६० किलोने माल घेतला आणि तो ₹१०० ने विकतो. उरलेला दुसऱ्या दिवशी शून्य. मागणी सरासरी ५०० किलो, विचलन १००. इथे एक किलो कमी पडला तर ₹४० चा नफा बुडतो आणि एक किलो उरला तर ₹६० जातात. ४० भागिले या दोन्हींची बेरीज १०० म्हणजे ०.४. याचा अर्थ सगळी मागणी भागण्याची शक्यता ४० टक्केच राहील इतका माल घ्यायचा, तो येतो सुमारे ४७५ किलो. सरासरीपेक्षा कमी! ‘सणाला माल कमी पडायला नको’ हे वाक्य फुलाच्या बाजारात महाग पडतं ते असं. भाव ₹१५० मिळणार असेल तर हेच उत्तर ५२५ होतं. म्हणजे मागणीच्या अंदाजाइतकंच महत्त्व चूक केवढ्याला पडते याला आहे, आणि ती किंमत यंत्राला माणसानेच सांगायची असते.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. नायकेने २००० च्या सुमारास मागणीचा अंदाज करणारं नवं सॉफ्टवेअर बसवलं. त्याने काही बूट नको तितके मागवले आणि जे हवे होते ते कमी. २००१ च्या सुरुवातीला कंपनीला सुमारे दहा कोटी डॉलरच्या विक्रीचा फटका जाहीर करावा लागला. जेपी मॉर्गन या बँकेचं उदाहरण एक्सेलवाल्यांनी लक्षात ठेवावं. तिथे २०१२ मध्ये काही मोठ्या व्यवहारांची जोखीम मोजणारं गणित हाताने आकडे उचलून चिकटवलेल्या शीटवर चालत होतं. एका सूत्रात दोन दरांच्या सरासरीने भागायच्या जागी त्यांच्या बेरजेने भागलं गेलं, त्यामुळे चढउतार आहे त्याच्या निम्मा दिसला. त्या वर्षी त्या व्यवहारांतलं नुकसान सहा अब्ज डॉलरच्या वर गेलं. ते एकट्या या चुकीमुळे नव्हतं, पण धोका कमी दिसायला तिचा हातभार लागला. सूत्राची शीट वापरण्याआधी चार आकडे टाकून उत्तर कागदावर ताडून पाहणं एवढी खबरदारी कुणालाही परवडते.

काही गोष्टी मात्र कुठल्याच जुन्या नोंदीत नसतात. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, आणि २०२५ च्या मेअखेरीस ते १० टक्क्यांवर आलं. अशा आठवड्यात रोजच्या खपाची सरासरी काहीच सांगत नाही. भाव चढणार म्हटल्यावर किरकोळ दुकानदार दुप्पट माल उचलतात. तो खप यंत्र खरी वाढ समजतं आणि पुढच्या महिन्यात थप्पी पडून राहते. अशा दिवसांवर खूण करून ते सरासरीतून काढावे आणि तेवढ्यापुरता आकडा माणसाने ठरवावा.

पण माणसाने ठरवलेला आकडाही तपासता आला पाहिजे. यंत्राने सुचवलेला आकडा एका रकान्यात, प्रत्यक्ष मागवलेला दुसऱ्यात, गाडी येईपर्यंतचा खरा खप तिसऱ्यात. चौथा रकाना कारणाचा: ‘लग्नसराई’, ‘पार्टीने आधीच सांगितलं’, ‘स्कीम संपतेय’ किंवा नुसतंच ‘वाटलं’. तीन महिन्यांनी कारणांनुसार ओळी वेगळ्या लावाव्यात आणि प्रत्येक गटात खऱ्या खपाच्या जवळ कोण होतं ते पाहावं. ज्या कारणाला माणूस वारंवार जिंकतो, त्याची माहिती यंत्राला देण्याची सोय करावी. ‘वाटलं’च्या ओळींत कोण जिंकतं, तेही त्याच शीटमध्ये दिसेल.