दांड्या फुल, तरी फोन लागेना

पुण्यात हल्ली कुणालाही फोन करा, पहिलं मिनिट "हॅलो, येतोय का आवाज, थांब गॅलरीत जातो" यातच जातं. फोन नवीन, रिचार्ज महाग, वर कोपऱ्यात फाइव्हजी लिहिलेलं, दांड्यापण चार. मग घोडं अडतंय कुठं?

आधी त्या दांड्यांचं बघू. टॉवरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत किती जोरात येतोय एवढंच त्या सांगतात. तुमचा फोन टॉवरला ऐकू जातोय का आणि त्याच टॉवरवर अजून किती जण आहेत, याचा त्यांना पत्ताच नसतो. त्यात किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते, त्यामुळं सेम सिमचे दोन फोन शेजारी ठेवले तरी वेगवेगळं दाखवतात. खरा आकडा बघायचा तर बहुतेक अँड्रॉइडमध्ये सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस असं जायचं, तिथं डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, मायनस आकडा दिसतो. फोरजीला मायनस ८० च्या आसपास असेल तर मस्त, मायनस ११० च्या पुढं गेला की रडारड सुरू. आणि हा हिशोब साधा नाही, दर १० ला ताकद दहापट घटते, म्हणजे ८० वरून ११० ला जाणं म्हणजे थेट हजारपट कमी! आमच्याकडं हॉलच्या खिडकीतून आतल्या बेडरूममध्ये गेलं तरी आकडा धाडकन पडतो.

याला कारण भिंत. जुने वाडे माती-विटा-लाकडाचे, नंतरच्या बिल्डिंगमध्ये कॉलम-बीम आरसीसीचे पण मधल्या भिंती विटांच्या. आता नवीन स्कीममध्ये मायवन, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून जवळजवळ सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात, आत सळयांची जाळी. वर ऊन अडवायला धातूचा पातळ थर दिलेली काच असेल तर ती उन्हासोबत सिग्नलपण अडवते. त्यात आपण वरच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे जास्त मेगाहर्ट्झच्या आखूड लहरींकडं सरकलोय. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटीमीटर लांब, फाइव्हजीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, त्याची लहर जेमतेम ९ सेंटीमीटर. वरच्या पट्ट्यात जागा जास्त म्हणून स्पीड भन्नाट मिळतो, पण भिंत पार करताना तोच आधी मार खातो.

आता उलटी बाजू. टॉवर दहा-वीस वॅटनी बोलतो, तुमचा फोरजी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटनी. म्हणून "मला तुझं येतंय, तुला माझं येत नाहीये" हा प्रकार होतो, टॉवर तुमच्यापर्यंत पोचतो, तुम्ही टॉवरपर्यंत पोचत नाही. लांबच्या टॉवरला गाठायला फोन सगळी ताकद लावतो, ताम्हिणी घाटाकडं गेल्यावर बॅटरी संध्याकाळच्या आत का बसते ते त्यामुळंच.

वाकड-बाणेरच्या बावीसाव्या मजल्यावरच्या लोकांची वेगळीच तऱ्हा. उंचावर रेंज भारी असणार असं आपल्याला वाटतं. पण टॉवरचे अँटेना मुद्दाम थोडे खाली झुकवलेले असतात, कारण लोक रस्त्यावर आणि खालच्या मजल्यांवर असतात. शेजारच्याच टॉवरचा सिग्नल तुमच्या पायाखालून निघून जातो आणि खिडकीतून लांबलांबचे पाच-सहा टॉवर एकदम दिसतात, सगळे सारख्याच जोराचे. मंडईत सगळे भाजीवाले एकदम ओरडायला लागले की आवाज भरपूर पण भाव कुणाचाच कळत नाही, तसं होतं. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत बसतो आणि एखाद्या उडीत कॉल कट.

विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात उभं राहा, टॉवर जवळ, दांड्या फुल, आणि साधा मेसेज जात नाही. फोरजीत टॉवरशी बोलणं सुरू करायला फोनला ठरलेल्या ६४ खुणांपैकी एक निवडून पाठवावी लागते. दोन फोननी एकाच क्षणी तीच खूण पाठवली की टक्कर, दोघंही थांबून परत प्रयत्न करणार. हजारो फोन एकदम असं करायला लागले की टकराच टकरा, त्यात प्रत्येकाला व्हिडिओ लाइव्ह करायचाय. गर्दीतली माणसंपण सिग्नल शोषतात, अंगात पाणी असतं ना. कंपन्या ट्रकवरचे तात्पुरते टॉवर आणतात, पण गर्दीपुढं तेही कमी पडतात.

मग टॉवर वाढवा की! इथं खरी गोची आहे. रिडेव्हलपमेंटला बिल्डिंग गेली की गच्चीवरचा टॉवरपण जातो, आणि नव्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये टॉवरचं नाव काढलं की रेडिएशन म्हणून आरडाओरडा. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. मर्यादा कडक म्हणजे एकेका टॉवरची ताकद बेताची, म्हणजे टॉवर जास्त लागणार, हे मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. आणि टॉवर लांब गेला की कानाला लावलेला फोनच जोरात बोलायला लागतो. तुमच्या आसपास कुठं टॉवर आहेत ते दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर दिसतं.

यावर काही जण ऑनलाइन बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवायचं यंत्र मागवतात. ते अजिबात करू नका, परवानगीशिवाय बसवणं बेकायदा आहेच, शिवाय स्वस्त बूस्टर सिग्नलसोबत कचरापण, म्हणजे नको ती खरखर, वाढवून टॉवरकडं ढकलतो, मग टॉवरला गल्लीतल्या बाकीच्यांचे बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. घरात वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो, २०१९ च्या डिसेंबरपासून आपल्याकडं मिळतंय आणि वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाइट गेली की परत गॅलरीत.