ब्रिटनच्या संसदेकडे ई-याचिका: अधिवेशन संस्थगित होणं, खासदारांच्या सुट्ट्या आणि अर्ज फेटाळले जाण्याची कारणं

ब्रिटनच्या संसदेला उन्हाळ्याची लांब सुट्टी लागली किंवा सरकार अधिवेशन संस्थगित करणार, म्हणजे चालू अधिवेशन संपवून पुढचं सुरू होईपर्यंत संसद बंद ठेवणार, अशी कुणकुण लागली, की इथल्या मराठी घरांतही "संसदेच्या संकेतस्थळावर याचिका टाकूया का?" सुरू होतं. जरूर टाका. पण अशा कितीतरी याचिका छाननीतच बाद होतात, आणि कारणं दरवेळी तीच असतात.

आधी पात्रता. ब्रिटिश नागरिक जगात कुठेही असला तरी सही करू शकतो, आणि ब्रिटनमध्ये राहणारी कोणतीही व्यक्तीही, मग नागरिकत्व कुठलंही असो. भारतीय पासपोर्टवर लेस्टरमध्ये नोकरी करणारी मुलगी पात्र आहे. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन पुण्यात परतलेले काकाही पात्र आहेत. लेकाला साथ म्हणून साताऱ्याहून सही करणारी आई मात्र नाही, कारण ती भारतीय नागरिक आहे आणि राहते भारतात. मतदार यादीत नाव असण्याची अट नाही.

कागदपत्र एकही लागत नाही. नाव, ईमेल, देश आणि पोस्टकोड, एवढंच. कोणी पासपोर्टची प्रत किंवा पैसे मागत असेल, तर ते संसदेचं संकेतस्थळ नव्हे. तिथून लगेच बाहेर पडा. सही करणाऱ्यांची नावं जाहीर होत नाहीत, याचिका सुरू करणाऱ्याचं मात्र होतं. व्हिसाच्या काळजीने सही टाळणाऱ्यांना हे कोणी सांगतच नाही.

सुरुवातीला पाच समर्थक लागतात, त्यानंतरच छाननी होते. इथे माणसं हमखास अडकतात: फॉर्म भरला म्हणजे सही झाली असं नाही. ईमेलवर आलेल्या दुव्यावर क्लिक केल्याशिवाय ती मोजली जात नाही, आणि तो ईमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडलेला असतो. पाचही जणांना फोन करून विचारा.

आता खरा अडसर, मागणीचा मजकूर. तीन गोष्टी वेगळ्या आहेत. सुट्टीच्या तारखा कॉमन्स, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांचं सभागृह, स्वतः मंजूर करतं. अधिवेशन संस्थगित होतं ते पंतप्रधानांच्या सल्ल्याने, राजाच्या नावाने. त्यावर खासदारांचं मतदान होत नाही. विसर्जन म्हणजे निवडणुकीसाठी संसद बरखास्त होणं. सुट्टीबद्दल तक्रार असेल तर कॉमन्सने काय करावं ते लिहा. संस्थगित करण्याबद्दल असेल तर सरकारने काय करावं ते. "संसद बंद ठेवणं थांबवा" एवढंच लिहिलं, तर कोणाकडून नेमकं काय हवंय ते कळत नाही, आणि अर्ज परत येतो. "पंतप्रधानांनी राजीनामा द्यावा" हेही चालत नाही. कोणाला पदावरून काढण्याची मागणी नियमातच बसत नाही. त्याच मागणीची याचिका आधीच खुली असेल तर तुमची नाकारली जाते, म्हणून आधी शोधा आणि सापडली तर तिच्यावरच सही करा.

2019 चं उदाहरण बघा. 28 ऑगस्टला संसद सुमारे पाच आठवडे संस्थगित करण्याचा निर्णय जाहीर झाला. पक्षांच्या परिषदांसाठी या दिवसांत सुट्टी असतेच, असं सरकारचं म्हणणं. ब्रेक्झिटवरची चर्चा टाळण्यासाठी हे चाललंय, असं विरोधकांचं. संसद संस्थगित करू नका, या एका याचिकेवर 17 लाखांहून अधिक सह्या झाल्या. 9 सप्टेंबरला तिच्यावर चर्चा झाली आणि त्याच रात्री उशिरा संसद संस्थगितही झाली. संसद संस्थगित करण्याचा पंतप्रधानांचा सल्ला बेकायदा ठरला तो 24 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या एकमताने. दुसऱ्याच दिवशी सभागृह पुन्हा भरलं.

म्हणून आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. 10,000 सह्यांवर सरकार लेखी उत्तर देतं. 1,00,000 वर चर्चेचा विचार होतो. हमी नाही, आणि चर्चा झाली तरी मागणीवर मतदान होत नाही.

मुदत सहा महिन्यांची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली की सगळ्या खुल्या याचिका त्याच क्षणी बंद होतात, पाच महिने शिल्लक असले तरी. सुट्टीत सह्या चालू राहतात. अधिवेशन संस्थगित असताना समित्या बसत नाहीत, त्यामुळे त्या काळात चर्चा होत नाही. निवडणुकीची चाहूल असेल तर सह्यांचं आवाहन पहिल्याच आठवड्यात करा.